आरसेवालीचं डोकं

त्या बाईनं दुसऱ्या दिवशीही देवाला हात जोडले नाहीत, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी सभामंडप झाडत होते. ती आली, पायरीशी चप्पल काढली, नंदीला वळसा घातला आणि गाभाऱ्याकडं ढुंकूनही न बघता सरळ मागच्या अंगाला गेली. देवळात आलेलं माणूस आधी घंटा वाजवतं, मग इकडंतिकडं बघतं. हिला घंटेचं काही नव्हतं. साठीच्या आतबाहेरची, कडक इस्त्रीचं सुती पातळ, चष्मा, हातात मिटलेली छत्री. अशी बाई सावळनांद्र्यात कशाला यावी?

मी केरसुणी तशीच हातात धरून तिच्या मागं गेले.

कपिलेश्वराचं आमचं देऊळ काळ्या दगडाचं. चुना नाही, माती नाही. दगडात दगड अडकवून उभं केलेलं. बाहेरची भिंत सरळ जात नाही, कोनाकोनानं आतबाहेर होते. त्यामुळं ऊन फिरेल तशी एकेका कोपऱ्यावरची बाई उजेडात येते. कुणी मृदंग वाजवतेय, कुणी पायातला काटा काढतेय, कुणाच्या पदराला माकड झोंबलंय. शिकलेली माणसं त्यांना सुरसुंदरी म्हणतात, आम्ही नुसतं बाया म्हणतो. मागच्या भिंतीवर एक बाई हातात आरसा घेऊन उभी होती. तिला डोकं नव्हतं. गाव तिला आरसेवाली म्हणायचं. लग्न ठरलेल्या पोरी तिच्या पायाला हळदकुंकू लावून जायच्या. बिनडोक्याच्या बाईकडं रूप मागायचं, याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

ती बाई जोत्यावर चढून आरसेवालीसमोर उभी होती. हात उंचावून तिनं मोडलेल्या मानेवरून बोटं फिरवली. हळू, जसं आपण तापल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतो तशी.

"हात लावू नका," मी म्हणाले.

ती दचकली. "चुकलं माझं." मग विचारलं, "हिचं डोकं कुणी मोडलं हो?"

"बादशहाच्या फौजेनं. लई जुनी गोष्ट आहे."

"असं कोण सांगतं?"

या प्रश्नाचा मला राग आला. "आमचे सासरेच सांगतात. देवळाचे गुरव आहेत. पिढ्यान् पिढ्या आमच्याकडंच पूजा आहे."

"त्यांचं नाव लिंबाजी का?"

मी हो म्हणाले आणि लगेच जीभ चावली. हिला नाव कसं ठाऊक? ती मात्र आरशाकडं बघत राहिली. त्या दगडी आरशात बोटाच्या पेराएवढा चेहरा कोरलेला आहे. झिजला होता, पण तिरका अंबाडा आणि कानातलं मोठं चक्र कळायचं. नवीन माणसाला तो दाखवल्याशिवाय दिसत नाही. हिला तो न दाखवता दिसला.

तेव्हा दिवसच तसे होते. महिन्याभरापूर्वी बोरवंडच्या देवळातला गणपती रातोरात गेला होता. चोर आधी चांगल्या कपड्यांत येऊन जागा बघून गेले होते, म्हणे; फोटो काढले, पुजाऱ्याला चहा पाजला. तेव्हापासून आमच्या गावात अनोळखी माणूस दिसला की लोक बिडी विझवून बघत राहायचे. पोलीस पाटील खंडेराव ढगे यांनी तरण्या पोरांचा पहारा लावला होता, आणि त्या पहाऱ्यासाठी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता तो माझ्या सासऱ्यांनी. आप्पांनी. "गणपती गेला, उद्या माझा महादेव जाईल, मग तुम्ही बसा टाळ्या पिटत," असं त्यांनी चावडीवर सगळ्यांना सुनावलं होतं.

म्हणून दुपारी भाकरी वाढताना मी त्यांना त्या बाईचं सांगितलं. वाटलं, आता उठतील, काठी घेतील, पाटलाकडं जातील.

आप्पांचा घास हातातच राहिला. "मानेला हात लावला?"

"हो. आणि तुमचं नावही तिला ठाऊक आहे."

"बरोबर कुणी होतं? पुरुष माणूस?"

"नाही. एकटीच."

"म्हातारा, उंच, घाऱ्या डोळ्यांचा?"

"एकटीच होती, आप्पा. कोण आहे ती?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. पिठलं त्यांच्या जीवाभावाचं, पण तसंच राहिलं. "असेल कुणी. सतरा माणसं येतात देवळात." मग उठता उठता म्हणाले, "शेवंता, हे खंडेरावाच्या कानावर घालू नकोस. उगाच बाईमाणसाला त्रास."

माझं लग्न होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. सासू माझ्या येण्याआधीच गेलेली, नवरा तालुक्याला दवाखान्यात कंपाउंडर, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. दिवसभर घरात मी आणि आप्पा. ते मला कधी वावगा शब्द बोलले नाहीत. अंघोळीला पाणी काढून ठेवलं तरी "देव तुझं भलं करो" म्हणणारा माणूस. त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे माझीच मला लाज वाटत होती. पण संशय लाजेला विचारून येत नाही.

दुसऱ्या दिवशी झाडलोट उरकून मी स्वतः जोत्यावर चढले आणि आरसेवालीची मान नीट बघितली. रोज पाहिलेली, पण कधी न्याहाळलेली नव्हती. आमच्या भिंतीवर फुटक्या मूर्ती पुष्कळ आहेत. कुणाचं नाक गेलंय, कुणाचं मनगट. त्या सगळ्या फुटी बोथट झाल्यात, भिंतीसारख्याच काळ्या पडल्यात. हिच्या मानेची फूट फिकी होती. आणि एका बाजूला, केसांच्या बटेखाली, दगडात ओळीनं छोट्या खाचा होत्या.

फौज येते ती घण घालते. छिन्नी लावून, बटा सांभाळून डोकं काढत नाही.

मी खाली उतरत होते तेवढ्यात कोपऱ्यापलीकडून आवाज आला. आप्पांचा. पाठ धरलीय म्हणून ते सकाळी घरात पडून होते. मी भिंतीच्या कोनात अंग चोरून उभी राहिले. माझ्या खांद्याशी मृदंगवाली, आणि पलीकडं ते दोघं.

"उद्या दुपारच्याला या," आप्पा सांगत होते. "तेव्हा इथं चिटपाखरू नसतं."

"जड आहे ते. मला एकटीला जमायचं नाही," ती बाई म्हणाली.

"गाडीवाला धरा. पण त्याला काही सांगू नका. बाकी मी बघतो."

जड म्हणजे काय, हे मला विचारायची गरज नव्हती. देवळात जड काय असतं?

रात्री नवऱ्याला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "आप्पा? देव विकतील? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" आणि कूस बदलून झोपला. मी जागीच. आप्पा चोरांना मिळालेले असले आणि मी गप्प बसले, तर देव जाणार. बोलले, तर सासऱ्याच्या हातात बेड्या आणि आमच्या दारात थुंकायला गाव मोकळं.

सकाळी मी पाण्याला जाते सांगून खंडेराव पाटलांच्या वाड्यावर गेले. आप्पांचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "एक बाई देवळामागं घुटमळते. आज दुपारी गाडी घेऊन येणार आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"ऐकलं."

"कुणाकडून?"

"तुम्हाला देव राखायचाय का माझी उलटतपासणी घ्यायचीय?" मी म्हणाले. माझ्या तोंडून असं काही निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. खंडेराव मिशीवरून हात फिरवत माझ्याकडं बघत राहिले, पण पुढं काही विचारलं नाही. पाटलांकडं गेले, याचं आजही मला वाईट वाटत नाही. त्या दिवशी मला जेवढं दिसत होतं तेवढ्यावर दुसरं काय करणार होते?

दुपारी ऊन असं होतं की जोत्यावर पाय ठेववत नव्हता. मी नंदीच्या आडोशाला उभी होते. जीप पिंपळाखाली थांबली. बाई उतरली, मागून गाडीवाल्यानं एक कापडी पिशवी दोन्ही हातांनी उचलून आणली. आप्पा सभामंडपाच्या दारात उभेच होते. पिशवी जोत्यावर टेकली आणि धर्मशाळेच्या आडोशातून खंडेराव आणि पोरं बाहेर पडली.

"हलायचं नाही!"

गाडीवाला पळायला बघत होता, त्याला दोघांनी धरलं. बाई जागची हलली नाही. नुसती पिशवीच्या पुढं उभी राहिली.

"हत्यारं आहेत का त्यात?" खंडेराव गरजले. "उघडा!"

"मी उघडते. तुम्ही घाईनं उघडाल, खाली पडेल," ती म्हणाली.

तिनं खाली बसून पिशवीतून एक गाठोडं काढलं. जुन्या रेशमी साडीत गुंडाळलेलं. एकेक पदर सोडवत गेली आणि आतून बाईचं डोकं निघालं. काळ्या दगडाचं, नारळापेक्षा थोडं मोठं. मान जराशी कललेली, ओठ मिटलेले पण हसू फुटेल असे. केसांचा तिरका अंबाडा. कानात मोठं चक्र.

"चोरीचा माल!" कुणीतरी ओरडलं. "बोरवंडचा असणार!"

"बोरवंडला गणपती गेलाय, बाई नाही," खंडेराव म्हणाले. "कुठलं आहे हे? बोला!"

मला ते ओळखू आलं होतं. आरशातला तो पेराएवढा चेहरा मी रोज बघत होते. कुणी विचारण्याआधीच माझ्या तोंडून गेलं, "हिचं आहे. आरसेवालीचं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खंडेराव हसले. "तिचं डोकं बादशहानं मोडलंय, शेवंता. शंभरदा ऐकलंय लिंबाजी आप्पांकडून."

"बादशहानं नाही," बाई उठून उभी राहिली. "माझ्या नवऱ्यानं."



तिनं सांगितलं. नाव नलिनी चौबळ, राहणार औरंगाबाद. नवरा कालव्याच्या कामावर साहेब होता. आमच्या भागात कालवा खोदला तेव्हा त्याचा तंबू गावाबाहेर माळावर होता. एके दिवशी तो हे डोकं घेऊन घरी आला आणि दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं. येणारे-जाणारे वाखाणायचे. "मी रोज तिच्यासमोर बसून चहा घ्यायचे," ती म्हणाली. "ती माझ्याकडं कधी बघायची नाही. खाली, कडेला कुठंतरी बघायची. एवढं गोड हसू, पण कशाकडं बघून, ते मला कळायचं नाही. यजमान आजारी पडले, शेवटी शेवटी बोलायला लागले, तेव्हा म्हणाले, तिच्या हातात आरसा आहे. तो तिथंच राहिला. ते गेल्यावर मला त्या खोलीत बसवेना. म्हणून आले. आधी बघायला आले, खरंच आरसा आहे का."

खंडेरावांचा आवाज खाली आला होता, पण प्रश्न थांबले नव्हते. "एकट्या माणसाचं हे काम नाही. एकानं छिन्नी मारायची तर दुसऱ्यानं डोकं झेलायला पाहिजे. नाहीतर खाली पडून चक्काचूर होईल. दुसरा कोण होता?"

"ते मला माहीत नाही," चौबळबाई म्हणाल्या. त्यांनी दाराकडं एकदाही बघितलं नाही. इतकं जाणूनबुजून बघितलं नाही, की मला सगळं कळलं.

मी मात्र बघितलं. आप्पा खांबाला धरून उभे होते. तो आमचा आरशासारखा घोटलेला खांब. त्यात त्यांचं अर्धं तोंड दिसत होतं.

"त्यांना का विचारता?" आप्पा म्हणाले. "मला विचारा. ते माझ्या उपरण्यात पडलं."

कुणाला आधी अर्थच लागला नाही. ते पायरी पायरी उतरून खाली आले आणि डोक्यासमोर बसले. हात मात्र लावला नाही.

"चौबळसाहेबानं मला नकाशा दाखवला होता. कालव्याची रेघ ह्या पिंपळावरून जात होती. सुरुंग लावणार होते. म्हणाला, गुरव, तुझं देऊळ बिनचुन्याचं आहे, पहिल्याच धडाक्यात कळसापासून खाली येईल. मी पाय धरले त्याचे. म्हणाला, रेघ सरकवणं माझ्या हातात आहे. मग ह्या मागच्या भिंतीपाशी आला आणि म्हणाला, हिचं डोकं मला दे." आप्पांनी शिवाराकडं हात केला. "रेघ सरकली. कालवा आपल्या शिवारात येऊन वळसा घेतो, बघा. तुम्ही म्हणता, देवानं वळवला. देवानं नाही वळवला. हिनं वळवला."

"आणि बादशहा?" खंडेरावांनी विचारलं.

"काहीतरी सांगायला पाहिजे होतं. तेव्हा मागच्या अंगाला काटेरी रान माजलं होतं, कुणी फिरकत नव्हतं, म्हणून सगळ्यांना खरं वाटलं." आप्पा म्हणाले. "उन्हाचे दिवस होते असेच. उपरण्यात पडलं तेव्हा गरम होतं, जित्या माणसासारखं. आज बाई घेऊन येते म्हणाल्या, तर वाटलं, गुपचूप ठेवू, विहिरीत सापडलं म्हणू. आणखी एक खोटं. चार दिवसांचा सोबती मी, काय बिघडलं असतं?"

मला वाटलं होतं, गलका ऐकून गोळा झालेलं गाव आता तुटून पडेल. दोनचार जण बोललेही. एकानं तर "देवाघरचा चोर" असा शब्द काढला. पण ढगेंच्या घरातली म्हातारी सोनाई, जी कुणाचं कधी ऐकून घेत नसे, ती काठी टेकत पुढं आली, कमरेच्या पिशवीतून कुंकू काढलं आणि त्या दगडी कपाळावर लावलं. "डोकं दिलं आणि देऊळ राखलं," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी काय राखलंय ते सांगा आधी." खंडेरावांनी पंचनामा केला, त्यात आप्पांचं नाव आलंच नाही. डोकं त्या दिवशी गाभाऱ्यात कुलपात ठेवलं. पुढं सरकारी माणसं आली, त्यांनी आत सळई घालून ते मानेवर बसवलं. सांधा बारीक रेघेसारखा दिसतो, पण मान अशी बसलीय की आरशातल्या चेहऱ्याला वरचा चेहरा ओळख देतोय असं वाटावं. पोरी अजून कुंकू लावतात.

हे मी पुष्कळांना सांगितलंय. एवढंच सांगितलंय.

त्या दिवशी चौबळबाईंना जीपपर्यंत पोचवायला मी गेले. पिंपळाखाली त्या थांबल्या. चष्मा काढून पुसत राहिल्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

"तुमच्या सासऱ्यांना मी काल सांगणार होते," त्या म्हणाल्या. "तोंडाशी आलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं नाही, नुसतं दुपारी या म्हणाले. आणि आज ते सगळ्यांदेखत जे बोलले, त्यावर मला बोलवेना."

"काय सांगणार होता?"

"रेघ आधीच सरकली होती. इथं खाली असा खडक लागला की सुरुंगाचा खर्च परवडेना. वरून हुकूम आला होता, कालवा पलीकडून न्या म्हणून. तुमच्या सासऱ्यांना दाखवला तो नकाशा रद्द झालेला होता." त्यांनी चष्मा लावला. "यजमान हे हसून सांगायचे. पाहुण्यांना. गुरव कसा घाबरला ते. नक्कल करायचे त्याची, पाय धरल्याची. मीही हसले आहे."

मी मागं वळून बघितलं तर आप्पा अजून जोत्यावर बसलेले, आणि सोनाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आता हे तुमच्याकडं दिलं," चौबळबाई म्हणाल्या. "सांगायचं तर सांगा. नाही सांगितलं तरी मी कधी विचारायला येणार नाही." जीप गेली. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

आप्पा त्यानंतर आठ-नऊ वर्षं जगले. बादशहाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. देवळात माणूस आलं की स्वतः मागं घेऊन जायचे, आरसेवाली दाखवायचे आणि तिचं डोकं कसं गेलं, का गेलं, कसं परत आलं, सगळं सांगायचे. सांगताना ताठ उभे राहायचे. लोक त्यांच्या पाया पडायचे. मी आतून ऐकत असायचे आणि दरवेळी वाटायचं, आज कुणीतरी शिकलेला माणूस येईल, कालव्याच्या खात्यातला, आणि म्हणेल, आजोबा, असं नव्हतं ते. प्रत्येक पाहुण्याकडं मी संशयानंच बघायला शिकले. कोण आहे, कुठून आलाय, काय काम करतो. आप्पा म्हणायचे, तुझा स्वभावच झालाय हा.

ते अंथरुणाला खिळले होते तेव्हाची गोष्ट. मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"शेवंता, त्या बाईनं जाताना तुला काही सांगितलं होतं का?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारत होते. मी वाटीतली पेज ढवळली.

"नाही. आप्पांना नमस्कार सांगा म्हणाल्या."

"तू तेव्हा सांगितला नाहीस तो."

"विसरले असेन."

त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळून राहिले. म्हातारपणानं पाणावलेले, पण नजर स्वच्छ होती. मला वाटलं, आता पुढचं विचारतील.

"बरं केलंस," आप्पा म्हणाले आणि पेजेसाठी तोंड उघडलं.